वाचकांचे प्रश्न: भिंतीवर पुराची खूण आहे, प्रोजेक्ट तिथनंच सुरू करा

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की कोल्हापूरच्या इंजिनिअरिंगच्या पोरांना क्लायमेट चेंज शिकवायला ध्रुवावरच्या बर्फाचे फोटो दाखवायची गरज नाही, पंचगंगेवर घेऊन जावा. त्यावर पत्रं आली, मेसेज आले, काही जणांनी भांडूनही लिहिलंय. त्यातले सहा प्रश्न घेतलेत. काहींना मोठं उत्तर दिलंय, कारण विषय तसा आहे.

प्रश्न: सर, मी कोल्हापूरजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलला शिकवते. क्लायमेट चेंज आणि नैसर्गिक आपत्ती यावर प्रोजेक्ट द्या असं वरून सांगितलं, म्हणून दिले. बारापैकी नऊ ग्रुपनी नेटवरनं उचलून आणले, एकानं तर बांगलादेशाचा नकाशा तसाच चिकटवलाय. पोरं वाईट नाहीत हो, पण त्यांना हे आपलं वाटतच नाही. कसं शिकवायचं, आणि मार्क कशावर द्यायचे?
– एक प्राध्यापिका, कोल्हापूर

उत्तर: मॅडम, पोरांच्या आधी आपण विषय कसा दिलाय ते बघू. "क्लायमेट चेंज : कारणे व उपाय" असा विषय दिला की त्याचं उत्तर नेटवर तयारच असतंय, मग पोरगं ते नव्यानं कशाला शोधेल? विषय असा पाहिजे की ज्याचं उत्तर गुगलला माहीत नाही पण आपल्या गल्लीतल्या एखाद्या आजीला माहीत आहे.

पर्यावरणाचा पेपर आहे की, असं कुणीतरी म्हणेल. आहे. सुप्रीम कोर्टानं १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षणाबद्दल निर्देश दिले, तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद एआयसीटीई, तिच्या २०१८ च्या मॉडेल अभ्यासक्रमातही तो विषय सक्तीचा आहे, पण बिनक्रेडिटचा. आणि ज्याला क्रेडिट नाही त्याचा अभ्यास परीक्षेच्या आदल्या रात्री होतो हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून माझं म्हणणं असं की हा विषय त्या पेपरात कोंडून ठेवू नका, तो जे प्रॅक्टिकल आधीच आहे त्यात घाला.

सेकंड इयरला सर्व्हेइंग असतंच. आपण काय करतो, पोरांच्या हातात ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (आकड्यांची उभी पट्टी) देतो आणि कॉलेजच्या ग्राउंडला फेऱ्या मारायला लावतो, लायब्ररीच्या पायरीची उंची दरवर्षी काढतो, ती पायरी काही हलत नाही आणि मागच्या वर्षीच्या जर्नलमधनं आकडे उतरवले तरी कुणाला कळत नाही. तीच लेव्हल सुतारवाड्यात न्या, दुधाळीत न्या, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत न्या. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर तिथल्या भिंतींनी बघितलेत. कुठं ऑइलपेंटची रेघ सापडेल, कुठं नुसता ओलीचा पट्टा, कुठं घरातलं माणूस हात लावून दाखवेल की "हितपर्यंत आलतं". बेंचमार्कवरनं, म्हणजे उंची पक्की माहीत असलेल्या ठिकाणावरनं, उंची काढत काढत त्या खुणेपर्यंत यायचं आणि परत बेंचमार्कवर जाऊन फेरी बंद करायची. साध्या लेव्हलिंगला किलोमीटरमधल्या अंतराचं वर्गमूळ गुणिले २४ इतके मिलिमीटर चूक चालते, म्हणजे दोन किलोमीटरच्या फेरीला साधारण ३४ मिलिमीटर. ग्राउंडवर पोरं ही चूक "बसवून" घेतात. पण दारात उभी राहिलेली आजी जेव्हा विचारते, "बाळा, पुढच्या वेळंला माझ्या कट्ट्यावर येईल काय रं पाणी?" तेव्हा आकडा बसवायला हात धजत नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, तीच पोरं, ग्राउंडवर टंगळमंगळ करणारी, त्या गल्लीत संध्याकाळी सात वाजता म्हणाली सर परत एकदा घेऊया, कुठंतरी चुकतंय.

कुणी म्हणेल मोबाईलवर उंची दिसते की. दिसते, पण ती काही मीटरनं चुकलेली असू शकते, आणि फुकट मिळणारा सॅटेलाइटचा ३० मीटरचा उंचीचा नकाशाही तसाच. पुरात दारातल्या दोन पायऱ्यांचा फरक म्हणजे घर वाचलं का गेलं. तिथं लेव्हलच लागते.

आता पुढचा भाग, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारत असतं, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे शाळेतल्या पोरालाही पाठ. जुनी माणसं तर अजून शिवाजी पुलाच्या कमानींकडं बघून सांगतात, मच्छिंद्री झाली का नाही, म्हणजे पाणी कमानींत तेवढं चढलं का नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये ती पातळी ५५ फुटांच्या वर गेली. पण बंधाऱ्यावर ४७ फूट झालं म्हणजे माझ्या दारात किती, हे बुलेटिनमध्ये नसतं. पोरांनी तो तक्ता करायचा. गल्लीवार, घरवार. बंधाऱ्यावर अमुक फूट झालं की या बोळाच्या तोंडाला पाणी, अमुक झालं की या ट्रान्सफॉर्मरच्या चौथऱ्याला, अमुक झालं की दवाखान्याच्या पायरीला.

इथं एक मेख आहे आणि ती पोरांना आधी सांगू नका, त्यांना सापडू द्या. पोरं काय करतील, बंधाऱ्याची पातळी घेतील, त्या उंचीवर नकाशात सरळ आडवी रेघ मारतील आणि म्हणतील याच्या खालचं सगळं बुडालं. तसं नसतंय. नदीच्या पाण्याला उतार असतो, जयंती नाल्यातनं पाणी उलटं शहरात शिरतं, त्यामुळं नदीपासनं लांबचं घर जवळच्या घराच्या आधी बुडू शकतं. मग हे कळायचं कसं? लोकांना विचारून. उंबऱ्याला पाणी कधी लागलं, कुठला दिवस, सकाळ का रात्र. तारीख आठवत नसते, पण "लाइट गेली त्या रात्री", "म्हशी हलवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी" असं आठवतं. ते पेपरच्या जुन्या अंकातल्या त्या-त्या दिवसाच्या पातळीशी जुळवायचं. दोन-तीन पुरांचं असं जुळलं की तक्ता भरवशाचा होतो. हायड्रॉलिक्सचा जो धडा आपण फळ्यावर तीन तास घेतो तो पोरं तिथं स्वतःहून मागतात.

लोकांकडं जाताना मात्र सांभाळून. मी एकदा वर्गात पूरग्रस्त गल्लीचा फोटो लावून पाण्याची खोली कशी मोजायची ते समजावत होतो, मागच्या बाकावरचं एक पोरगं उठून बाहेर गेलं. नंतर कळलं की फोटोतलं तिसरं घर त्याचं. तेव्हापासनं मी पहिल्या तासाला आधी विचारतो की कुणाकुणाच्या घरात पाणी आलं होतं, आणि ज्याला बोलायचं नाही त्यानं बोलू नये. गल्लीत गेल्यावरही नुकसान किती झालं हे पहिल्यांदा विचारायचं नाही, पाणी कुठपर्यंत आलं हे विचारायचं, मग माणसं आपोआप बोलतात. फोटो विचारून. आणि काम डिसेंबर-जानेवारीत उरकायचं, पूर चालू असताना एकाही पोरानं रीडिंग घ्यायला पाण्यात उतरायचं नाही, हे लेखी द्या.

मार्कांचं विचारलंय तुम्ही. ब्लॅक बाइंडिंगच्या जाड रिपोर्टला मी कमी मार्क द्यायचो. प्रत्येकाची स्वतःची फील्ड डायरी बघायचो, हातानं लिहिलेली, चिखल लागलेली असली तरी चालेल. आणि "आमचं कुठं चुकलं" या पानाला वेगळे मार्क. ते पान नेटवर मिळत नाही.

प्रश्न: सर मी ई अँड टीसी फायनल इयरला आहे. आमच्या ग्रुपनं अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि वाय-फाय मॉड्यूल वापरून फ्लड अलर्ट सिस्टीम केलीय, बादलीत एकदम मस्त चालते. पुलाला लावायची परवानगी कशी मिळवायची? आणि हे स्पर्धेत चालेल का?
– एक विद्यार्थी, गारगोटी

उत्तर: परवानगीचं नंतर बघू, आधी बादली आणि पंचगंगा यातला फरक बघ. प्रोजेक्टला आणतात तो साधा सेन्सर २ सेंटिमीटर ते ४ मीटर एवढंच मोजतो. आता हिशेब कर, ४३ फूट म्हणजे १३ मीटर. उन्हाळ्यातलं पाणी आणि पुराचं पाणी यातलं अंतर तुझ्या सेन्सरच्या आवाक्यात बसतंय का? नसेल तर तो पुलाला नको, एखाद्या नाल्याच्या मोरीला लाव, जिथं दोन-तीन मीटरचा खेळ असतो. खरं तर शहरात पहिलं पाणी नाल्यातनंच शिरतं, तिथंच त्याचा उपयोग जास्त.

दुसरं, तुझा सेन्सर आवाजाच्या वेगावर चालतो आणि तो वेग तापमानानं बदलतो. २० अंशाला सेकंदाला ३४३ मीटर धरलास आणि हवा ३५ अंशाला असली तर चार मीटरवर दहा सेंटिमीटरची चूक होते. तापमानाचा छोटा सेन्सर जोड आणि कोडमध्ये दुरुस्ती घाल. पाण्यावर जलपर्णी, ओंडका, फेस आला तर सेन्सर त्यालाच पाणी समजेल, म्हणून एका रीडिंगवर भोंगा वाजवू नकोस, दहा रीडिंगचा मधला आकडा घे.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. पूर आला की आधी लाइट जाते, मग टॉवरची बॅटरी संपते, मग नेट जातं. तुझं मशीन ज्या दिवशी लागणार त्याच दिवशी वाय-फाय नसणार! म्हणून बॅटरी-सोलर बघ, नेटशिवाय लांब निरोप पाठवणाऱ्या लोरा रेडिओवर निरोप कुठल्यातरी उंच गच्चीवर पोचतो का बघ, आणि शेवटच्या टोकाला माणूस ठेव, ज्याच्याकडं शिट्टी नाहीतर देवळाचा स्पीकर आहे. रात्री दोन वाजता अलर्ट आला तर कोण उठणार, तो कुणाचं दार वाजवणार, हातपाय न चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला कोण उचलणार, हे कागदावर लिहिल्याशिवाय सिस्टीम पूर्ण झाली असं म्हणू नकोस.

स्पर्धेचं म्हणशील तर दे की. पण एक अख्खा पावसाळा मशीन नाल्यावर टिकलं आणि रोजचे आकडे वहीत आले, तर मुलाखतीत त्या वहीवरच बोलणं होईल.

प्रश्न: आमचे शिक्षक पूर, दरड, भूकंप, सगळं "क्लायमेट चेंजमुळे" असं एका ओळीत लिहायला लावतात. आमचे आजोबा म्हणतात पूर आधीपासनंच येतात, हे सगळं बिल्डरनी केलंय. खरं काय धरायचं?
– थर्ड इयर सिव्हिल, इचलकरंजी

उत्तर: भूकंप त्या ओळीतनं आधी काढ. १९६७ चा कोयनेचा आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप यांचा हवामानाशी संबंध नाही, ते जमिनीच्या पोटातलं काम आहे. माळीण २०१४ मध्ये, तळीये २०२१ मध्ये, इर्शाळवाडी २०२३ मध्ये, तिथं प्रचंड पाऊस आणि उताराची माती-खडक दोन्ही आले, म्हणून पावसाचा भाग हवामानवाल्यांना आणि उताराचा भाग माती-खडकाच्या जिओटेकवाल्यांना विचारायचा.

हवामानाचं पक्कं काय आहे ते सांगतो. हवा एका अंशानं तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि पृथ्वी औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा एक अंशाहून जास्त तापलेलीच आहे. म्हणून पडतो तेव्हा धो-धो पडतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं २०१७ मध्ये एक अभ्यास छापून आला, त्यात मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ मध्ये मोठ्या क्षेत्रावर एकदम होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्याचं दिसलं. पण तो पट्टा आपल्या उत्तरेला आहे, तो आकडा उचलून तसाच कोल्हापूरला चिकटवू नकोस. आपल्याकडं तर गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि शिरोळला त्याच्या एक अष्टमांशही नाही, एकाच जिल्ह्यात! इथला आकडा इथल्याच नोंदींतनं काढावा लागतो.

आता आजोबांचं. त्यांचं म्हणणं तपासायला एक छोटा प्रोजेक्ट देतो, आठवड्यात होईल. तुमच्या कॉलेजचं आवार चार हेक्टर धर. रॅशनल मेथडनं वाहून जाणारं पाणी म्हणजे सी गुणिले आय गुणिले ए भागिले ३६०, सी म्हणजे पावसातला वाहून जाणारा हिस्सा, आय म्हणजे तासाला मिलिमीटर पाऊस, ए म्हणजे हेक्टर, उत्तर सेकंदाला घनमीटरमध्ये. आधी तिथं माळ होता, सी धर ०.३, पाऊस तासाला ५० मिलिमीटर, तर सेकंदाला साधारण १६७ लिटर पाणी बाहेर पडतं. मग बिल्डिंगा आल्या, पेव्हर ब्लॉक आले, सी झाला ०.८, पाऊस तोच, तर ४४४ लिटर. आता पाऊस वाढून ७० मिलिमीटर धर, तर ६२२ लिटर. बघ, काँक्रीटनं पाणी अडीच पटीपेक्षा जास्त वाढवलं आणि त्याच्यावर पावसाच्या जोरानं अजून १.४ पट. आजोबाही बरोबर, शिक्षकही बरोबर, आणि गटार मात्र अजून १६७ लिटरचंच आहे.

हे गणित नाल्याचं, लहान क्षेत्राचं. अख्ख्या पंचगंगेला रॅशनल मेथड लावायची नाही, तिथं धरणं, भराव, वळणं, पुढं कृष्णेचा फुगवटा, बरंच काही येतं. शिरोलीजवळ हायवेच्या भरावाला पाणी कसं तटतं ते दोन्ही पुरांत सगळ्यांनी बघितलं, हायवे बंद पडला होता. त्याला एचईसी-रासारखं नदीच्या पाण्याचं गणित करणारं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, पण ते फायनल इयरला, आणि नदीचे आडवे छेद, म्हणजे क्रॉस सेक्शन, स्वतः घेतलेले असतील तरच.

प्रश्न: माझा मुलगा कॉम्प्युटरला आहे. एवढी फी भरून पोरगं नदीकाठी लोकांना प्रश्न विचारत फिरतंय. प्लेसमेंटला याचा उपयोग काय?
– एक पालक, कागल

उत्तर: तुमची काळजी खरी आहे, फी कशी उभी केली जाते हे मी प्रत्येक ॲडमिशनला बघितलंय. एकच प्रश्न तुमच्या मुलाला आज रात्री जेवताना विचारा: लाल पूररेषा १०० वर्षांच्या पुराची आणि निळी २५ वर्षांच्या पुराची, मग निळ्या रेषेवर घर घेऊन ३० वर्षांचं कर्ज काढलं तर कर्ज फिटायच्या आत एकदा तरी पाणी घरात यायची शक्यता किती? बहुतेक जण म्हणतात, २५ वर्षांत एकदा, म्हणजे एक पूर येऊन गेला की पंचवीस वर्षं निवांत. तसं नाही. दरवर्षी ४ टक्के, म्हणजे तीस वर्षांत साधारण ७० टक्के, आणि लाल रेषेवरही २६ टक्के. तेही नद्यांचा जुना स्वभाव तसाच राहील असं धरून.

हे गणित ज्याला समजलं, आणि अर्धवट, चुकीच्या, तुटक नोंदींतनं ज्यानं स्वतः डेटा साफ केलाय, तो पोरगा इन्शुरन्सला चालतो, बँकेला चालतो, सॉफ्टवेअर कंपनीला चालतो. क्लासमध्ये मिळणारा डेटा आधीच साफ केलेला असतो. नदीकाठी मिळणारा तसा नसतो. फिरू द्या त्याला.

प्रश्न: सर, दरवर्षी पूर ओसरला की कालिजची पोरं फॉर्म घिऊन येत्यात. किती एकर ऊस गेला, किती जनावरं, सगळं लिहून नेत्यात. परत एक बी येत न्हाई. आमी कशाला सांगायचं? आन् ह्या अलमट्टीचं एकदा काय ते सांगा.
– एक शेतकरी, शिरोळ तालुका

उत्तर: अण्णा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि त्यात आम्ही मास्तर लोक सगळ्यात जास्त दोषी. पोराला सबमिशनची तारीख असते, मार्क मिळाले की त्याचं काम संपतं, आणि तुमच्या दारातनं नेलेली माहिती कॉलेजच्या कपाटात जाते. इथनं पुढं कुणी फॉर्म घेऊन आलं तर सरळ सांगा की आधी मागच्यांनी काय नेलं आणि त्याचं काय झालं ते आणून दाखवा. आणि वाचणाऱ्या शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे, रिपोर्ट मराठीत दोन पानांचा करा, तक्ता मोठ्या अक्षरात, आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर, दूध डेअरीत, देवळात स्वतः पोरांनी जाऊन लावायचा, तिथं उभं राहून समजावायचा, लोकांनी चूक काढली तर दुरुस्त करायचा. ते केल्याशिवाय शेवटचे वीस मार्क द्यायचे नाहीत.

अलमट्टीचं. कर्नाटकातल्या, कृष्णेवरच्या त्या धरणाच्या फुगवट्यानं आपल्याकडचा पूर वाढतो का, यावर राज्या-राज्यांत वाद चालू आहे आणि इथं बसून मी निकाल दिला तर तो अर्धवट होईल. माहीत असलेलं सांगतो. अलमट्टीची पूर्ण पाणीपातळी ५१९.६० मीटर आहे, कर्नाटकला ती ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायचीय, आपला त्याला विरोध आहे. २०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्रानं नेमलेल्या वडनेरे समितीनं त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नव्हतं, पाऊस आणि नदीकाठचे अडथळे यांच्याकडं बोट दाखवलं होतं. तुमच्याकडच्या बऱ्याच जणांना ते पटलेलं नाही हेही मला माहीत आहे. आता तुमच्या गावात पोरं येतील तेव्हा त्यांना एक काम लावा. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगा संगमाजवळ पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासनं किती मीटर, हे पुराच्या रोजच्या नोंदीप्रमाणं काढायचं, त्याच दिवशी अलमट्टीत किती होती ते शेजारी लिहायचं, आणि कृष्णेत वरून किती पाणी येत होतं ते तिसऱ्या रकान्यात. दोन्ही उंच्या एकाच बेंचमार्कवरनं आहेत ना हे आधी तपासायचं, नाहीतर सगळं मुसळ केरात. मग तुम्ही तक्त्याकडं बघून बोला, पोरांनीही तक्त्याकडं बघून बोलावं.

आणखी एक. आपल्याकडं "धरणातनं पाणी सोडलं" म्हणून भांडणं होतात. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, ठरावीक पातळी झाली की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, एका दरवाजातनं १४२८ क्युसेक, सातही उघडले तर दहा हजाराच्या जवळ, म्हणजे सेकंदाला दोन लाख ऐंशी हजार लिटरच्या आसपास. तिथं कुणी बटण दाबत नाही. आणि कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत मिळून सांगलीवरनं तुमच्याकडं येतं, ते कोल्हापूर शहरातनं येत नाही. कुठल्या धरणाचं पाणी किती तासांनी तुमच्या मळीत पोचतं हा प्रोजेक्ट कुठल्याही ब्रँचच्या पोराला देता येतो, आणि तुमच्यासारख्या माणसाला त्याचं अर्धं उत्तर आत्ताच तोंडपाठ असणार. त्यांनी ते तुमच्या नावानं लिहून घ्यावं, "एका शेतकऱ्याने सांगितले" असं नाही. मेकॅनिकलवाल्यांनीही लिहिलंय की आम्ही काय करायचं, त्यांना इथंच सांगतो, शिरोलीच्या फाउंड्रीत जा आणि एक टन लोखंड वितळवायला किती युनिट लागतात ते मोजा. टनाला सहाशे युनिट धरले तर एका युनिटमागं साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे टनाला चारशे किलोच्या वर, भट्टीचं झाकण उघडं राहतं त्यात किती जातो ते शोधा. पूर येतोय तो का येतोय याची एक बाजू तिथंही आहे.

प्रश्न: सर, मी प्रयाग चिखलीची. फायनल इयर सिव्हिल. २०१९ ला आणि २०२१ ला आमच्या घरात पाणी होतं, पहिल्या वेळी मी शाळेत होते, आम्हाला बोटीतनं काढलं. ग्रुपमधले म्हणतात तुझ्याच घराचा सर्व्हे करूया. गाईड म्हणाले स्वतःचं घर घेतलं तर रिपोर्ट भावनिक होईल. घेऊ का?
– एक विद्यार्थिनी, प्रयाग चिखली

उत्तर: घे, पण तुला घ्यावंसं वाटत असेल तरच, ग्रुप म्हणतोय म्हणून नाही. लेव्हलच्या दुर्बिणीतनं दिसणारा आकडा भावनिक नसतो, तुझ्या दाराचा असला तरी. गाईडना हवं तर सांग की तुमच्या घराबरोबर गल्लीतली आणखी दहा घरं आहेत, आणि तुझ्या घराचं रीडिंग दुसरा कुणीतरी घेईल आणि तू तपासशील. झालं, शंका मिटली.

घरी आईला विचार की त्या दिवशी सामान माळ्यावर टाकायला किती वेळ मिळाला, पाणी अंगणात दिसल्यापासनं ते उंबऱ्यावर येईपर्यंत. तुझ्या सगळ्या रिपोर्टमध्ये हा आकडा सगळ्यात उपयोगाचा आहे, कारण गावाला किती तास आधी सांगायला पाहिजे हे त्याच्यावरनं ठरेल. भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी, सगळ्यांचं पाणी तुमच्या गावाजवळ एकत्र येतं, त्यामुळं नुसती राजाराम बंधाऱ्याची पातळी बघून तुम्हाला उशीर होतो का, वरच्या कुठल्या बंधाऱ्याकडं बघावं लागेल, हे शोधा. जनावरांचा वेळ वेगळा धर, म्हैस माणसासारखी पटकन बोटीत बसत नाही, ती आधी हलवावी लागते.

पहिलं रीडिंग तुमच्या उंबऱ्यावर घ्या. स्टाफ धरायला आईला उभं कर.